आपणच धनी, आपणच चाकर: युरोपातील स्वतंत्र कामकऱ्यांचे कर, विमा आणि हिशेब



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. युरोपातील देशांत जो मनुष्य कोणाची नोकरी न करता स्वतःच्या हिमतीवर पोट भरतो, त्याला सरकारकडे काय भरावे लागते, त्याच्या बदल्यात त्याला काय मिळते आणि या देण्याघेण्याचा हिशेब ठेवण्यास किती खर्च येतो, हा तो विषय होय. आपल्यापैकी काही घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी व कामासाठी लंडन, पॅरिस, बर्लिन येथे जात आहेत. त्यांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग आहे. परंतु जे कधीही तिकडे जाणार नाहीत त्यांनीही हा विषय समजून घ्यावा असे मला वाटते. कारण सामाजिक विम्याचा कायदा ज्या खंडात प्रथम जन्मास आला, तेथेही एका मोठ्या वर्गाला तो लागू करताना कोणत्या अडचणी आल्या, हे पाहिले म्हणजे हक्क कागदावर येणे आणि हक्क हातात पडणे यांत किती अंतर असते ते कळते.

स्वतंत्र कामकरी म्हणजे कोण? ज्याला पगार देणारा मालक नाही तो. शिंपी, सुतार, न्हावी, दाई, शिकवणी घेणारा शिक्षक, भाषांतरकार, चित्रकार, संगणकाचे काम कंत्राटाने करून देणारा तरुण, हे सर्व या वर्गात येतात. या माणसाच्या कमाईतून तीन वाटे बाहेर पडतात. पहिला वाटा कराचा, दुसरा सामाजिक विम्याच्या वर्गणीचा आणि तिसरा हिशेबनिसाचा. पुष्कळ लोक हे तिन्ही एकत्र करून ‘सरकार लुटते’ असे म्हणतात. ही समजूत चुकीची आहे व ती ज्याची त्यालाच घातक ठरते. म्हणून या तिहींतील भेद आपण प्रथम नीट ध्यानात घेऊ.

कर भरल्याने भरणाऱ्याचा एखाद्या ठरावीक रकमेवर हक्क निर्माण होत नाही. त्या पैशातून रस्ते होतात, शाळा चालतात, न्यायालये चालतात, आणि त्यांचा लाभ कर न भरणाऱ्यालाही मिळतो. वर्गणीचे तसे नाही. वर्गणी भरणाऱ्याच्या नावावर मांडली जाते आणि पुढे आजारपण, बाळंतपण, अपंगत्व किंवा म्हातारपण आले म्हणजे त्या नोंदीच्या जोरावर तो आपले मागू शकतो. ब्रिटनमध्ये सरकारी निवृत्तिवेतनाच्या नव्या पद्धतीत निदान १० वर्षांची नोंद असल्यावाचून काहीही मिळत नाही, आणि पूर्ण रकमेसाठी साधारणतः ३५ वर्षांची नोंद लागते. म्हणजे वर्गणी ही दंड नव्हे, ती हक्काची खरेदी होय. दानाने मिळालेली गोष्ट दाता केव्हाही थांबवू शकतो. वर्गणीने मिळालेली गोष्ट नाकारली तर न्यायालयात दाद मागता येते. वकील या नात्याने या भेदाचे महत्त्व मला विशेष वाटते.

आता हा विमा कसा सुरू झाला ते पाहा. जर्मनीत बिस्मार्क याच्या कारकिर्दीत १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा विमा आणि १८८९ साली वृद्धत्व व अपंगत्वाचा विमा असे तीन कायदे झाले. ते मुख्यतः पगारी कामगारांसाठी होते. आजारपणाच्या व वृद्धत्वाच्या विम्यात कामगाराबरोबर मालकानेही भर घालावयाची, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. स्वतंत्र धंदा करणारा मनुष्य स्वतःच धनी आहे, त्याला आधाराची काय गरज, असे त्या काळी गृहीत धरले गेले. ब्रिटनमध्ये १९४२ साली बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, १९४६ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. त्या कायद्याने स्वतंत्र कामकऱ्यांचा एक निराळा वर्ग करून त्यांना आजारपण व निवृत्तिवेतन यांच्या छत्राखाली घेतले. परंतु बेकारीचा भत्ता व कामावरील अपघाताची भरपाई यांतून त्यांना वगळले. आपणच धनी असलेल्या माणसाला कामावरून कोण काढणार, हा त्यामागचा तर्क.

हा तर्क वरवर बरोबर दिसतो. पण ज्या शिंप्याकडे दोन महिने गिऱ्हाईकच फिरकले नाही, त्याची चूल बेकार गिरणी कामगाराच्या चुलीहून अधिक पेटती असते काय? त्याला धनी म्हटल्याने त्याचे पोट भरत नाही. तो स्वतःचा धनी आहे हे खरे, पण तो स्वतःचा चाकरही आहे, आणि या दोन्ही भूमिकांचा भार एकाच खांद्यावर पडतो. साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

हा भार किती, ते आकड्यांनी पाहू. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विम्याचा सर्वसाधारण दर १४.६ टक्के आहे व निवृत्तिवेतन विम्याचा १८.६ टक्के. महिना ३,००० युरो पगार असलेल्या नोकराचे या दोन विम्यांचे मिळून ९९६ युरो होतात. त्यांपैकी ४९८ युरो त्याच्या पगारातून कापले जातात व ४९८ युरो मालक स्वतः भरतो. यांखेरीज इतर लहान वर्गण्या आहेत, त्या येथे धरलेल्या नाहीत. आता तितकाच नफा मिळवणारा स्वतंत्र कामकरी घ्या. सार्वजनिक विम्यात राहावयाचे तर आरोग्याची सर्व वर्गणी त्याने एकट्यानेच भरावयाची. त्याला दोन मार्ग खुले असतात. १४ टक्के, म्हणजे ४२० युरो भरले तर औषधपाणी मिळते, पण आजारपणात बुडालेल्या कमाईबद्दल काही मिळत नाही. १४.६ टक्के, म्हणजे ४३८ युरो भरले तर आजारपणाच्या सातव्या आठवड्यापासून भत्ता मिळू शकतो. महिन्याचा फरक अवघा १८ युरोंचा. परंतु हा पर्याय स्वतः लेखी मागावा लागतो. मागितला नाही तर मिळत नाही. कायद्यातील असे बारीक दरवाजे ज्याला ठाऊक असतात तो आत जातो, बाकीचे भिंत समजून परत फिरतात.

निवृत्तिवेतनाची गोष्ट याहून गंभीर आहे. जर्मनीत शिक्षक, दाया, कलावंत, काही कारागीर अशा ठरावीक धंद्यांखेरीज बहुतेक स्वतंत्र कामकऱ्यांवर सरकारी निवृत्तिवेतन विम्याची सक्ती नाही. तरुणपणी हे मोठे सुख वाटते, कारण हाती पैसे अधिक राहतात. पण ज्याने त्या पैशांतून दुसरी तरतूद केली नाही, त्याच्या म्हातारपणी ते सुख फिटते. सक्ती नसणे हे प्रत्येक वेळी स्वातंत्र्य नसते. पुष्कळदा तो केवळ पुढे ढकललेला खर्च असतो.

मग मालकाचा जो अर्धा वाटा येथे नाही, तो कोणी भरावा? या प्रश्नाला युरोपातील देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांतील तीन आपण पाहू.

पहिले उत्तर स्पेनचे. स्वतंत्र कामकऱ्यांची वेगळी विमा योजना तेथे १९७० पासून आहे. २०२२ पर्यंत त्या योजनेत कामकऱ्याने आपल्या वर्गणीचा पाया स्वतः निवडावयाचा असे, व किमान वर्गणी २०२२ साली महिना सुमारे २९४ युरो होती. म्हणजे महिना ६०० युरो मिळवणारा आणि ६,००० युरो मिळवणारा हे दोघेही तीच वर्गणी भरू शकत. गरिबाची जवळजवळ अर्धी कमाई तीत जाई, श्रीमंताचा विसावा भागही जात नसे. १ जानेवारी २०२३ पासून हा नियम बदलला. आता निव्वळ उत्पन्नाच्या १५ पायऱ्या केलेल्या आहेत. २०२५ साली सर्वांत खालच्या पायरीवरील, म्हणजे महिना ६७० युरोंपर्यंत मिळवणाऱ्याची किमान वर्गणी २०० युरो होती, तर ६,००० युरोंहून अधिक मिळवणाऱ्याची ५९० युरो. वर्षअखेर कर खात्याच्या आकड्यांशी मेळ घालून जास्त भरलेले परत मिळते व कमी भरलेले मागून घेतले जाते. सुधारणा खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही हिशेब करून पाहा. ६०० युरो मिळवणाऱ्याचा तिसरा हिस्सा आजही जातो, आणि ६,००० च्या वर मिळवणाऱ्याचा दहावाही जात नाही. न्यायाच्या दिशेने पाऊल पडले आहे, पण मुक्काम अजून दूर आहे.

दुसरे उत्तर फ्रान्सचे. तेथे २००८ च्या कायद्याने लहान धंदेवाल्यांसाठी एक सोपी पद्धत निर्माण केली व ती १ जानेवारी २००९ पासून सुरू झाली. तिचे तत्त्व असे की, जितकी उलाढाल तितकी वर्गणी, आणि उलाढाल शून्य तर वर्गणी शून्य. २०२५ साली माल विकणाऱ्यासाठी दर १२.३ टक्के होता, आणि कारागिरी व व्यापारी स्वरूपाच्या सेवांसाठी २१.२ टक्के. महिन्यात २,००० युरोंचे सेवेचे काम केले तर ४२४ युरो भरावयाचे. हे गणित कोणालाही करता येते. परंतु यातही एक काटा आहे. ही वर्गणी नफ्यावर नसून उलाढालीवर आहे. त्या २,००० युरोंपैकी ८०० युरो प्रवासात व सामानात गेले, तरी भरावयाचे ४२४ च. प्राप्तिकराच्या वेळी खर्चापोटी ठरावीक सूट धरतात. मालविक्रीला ७१ टक्के, अशा सेवांना ५० टक्के व स्वतंत्र व्यवसायांना ३४ टक्के. प्रत्यक्ष खर्च याहून अधिक झाला तरी तो मोजला जात नाही. म्हणून ज्याचा खर्च थोडा त्याला ही पद्धत वरदान आहे, ज्याचा खर्च मोठा त्याला ती तोट्याची. शिवाय शून्य वर्गणीच्या महिन्यांनी निवृत्तिवेतनाच्या हक्कात भर पडत नाही, हेही विसरता कामा नये.

तिसरे उत्तर पुन्हा जर्मनीचे, आणि माझ्या मते ते सर्वांत विचार करण्याजोगे आहे. तेथे लेखक, पत्रकार, गायक, वादक, चित्रकार अशा स्वतंत्र कलावंतांसाठी १९८१ साली कायदा होऊन १९८३ पासून एक सामाजिक निधी चालू आहे. त्यात कलावंत फक्त अर्धी वर्गणी भरतो. उरलेल्या अर्ध्यापैकी २० टक्के मध्यवर्ती सरकार देते, आणि ३० टक्के प्रकाशक, नाट्यसंस्था, जाहिरात संस्था अशा त्यांच्या कामाचा उपयोग करून घेणाऱ्यांकडून एक आकार बसवून वसूल केले जातात. याचा अर्थ काय? मालक नाही म्हणून मालकाचा वाटा नाहीसा होत नाही. कामाचे फळ जो घेतो त्याने वाटा उचलावा, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. एका धंद्यात हे शक्य झाले तर दुसऱ्यात का होऊ नये, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक शिंप्याला व सुताराला आहे.

आता कराकडे वळू. येथे ब्रिटनचे उदाहरण घेतो, कारण तेथील रीत समजण्यास सोपी आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या करवर्षात १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्यापुढे पहिला दर २० टक्के. राष्ट्रीय विम्याची वर्गणीही त्याच रकमेपुढे ६ टक्के. पूर्वी दर आठवड्याला भरावी लागणारी ठोक वर्गणी एप्रिल २०२४ पासून सक्तीची राहिलेली नाही. वर्षाला २०,००० पौंड नफा झाला तर ७,४३० पौंडांवर आकारणी होते. कर १,४८६ पौंड, वर्गणी सुमारे ४४६ पौंड, एकूण सुमारे १,९३२ पौंड. हे पैसे करवर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३१ जानेवारीपर्यंत भरावयाचे.

परंतु नवख्या माणसाला ठेच लागते ती पुढे. देणे १,००० पौंडांहून अधिक असले म्हणजे सामान्यतः पुढील वर्षापोटी त्याच्या निम्मी रक्कम त्याच दिवशी आगाऊ मागतात, व उरलेली निम्मी ३१ जुलैला. म्हणजे पहिल्या जानेवारीत १,९३२ नव्हे, तर सुमारे २,८९८ पौंड हाताशी असावे लागतात. नोकराच्या पगारातून कर आधीच कापला जातो, त्यामुळे त्याच्या हाती येते ते त्याचे असते. स्वतंत्र कामकऱ्याच्या हाती येते त्यातील काही भाग पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्याचा असतो. जो हे ओळखून प्रत्येक पावतीतून तो भाग बाजूला ठेवतो तो तरतो. जो सर्व रक्कम आपली समजतो तो जानेवारीत कर्ज काढतो.

तिसरा वाटा हिशेबनिसाचा. हा खर्च कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, पण तो प्रत्यक्ष असतो. स्पेनमध्ये बहुसंख्य धंदेवाल्यांना दर तीन महिन्यांनी मूल्यवर्धित कराचे व अनेकांना प्राप्तिकराच्या आगाऊ हप्त्याचे विवरण द्यावे लागते. म्हणून अनेकजण महिन्याच्या मेहनतान्यावर हिशेबनीस ठेवतात. ब्रिटनमध्ये ५०,००० पौंडांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांनी ६ एप्रिल २०२६ पासून संगणकावर हिशेब ठेवून दर तिमाहीस तो कळवावा, असे ठरवण्यात आले. समजा, एखादा हिशेबनीस महिन्याला ६० युरो घेतो. ६,००० युरो मिळवणाऱ्याला तो शंभरावा भाग, ६०० युरो मिळवणाऱ्याला दहावा. कर उत्पन्न पाहून आकारतात, पण हिशेबनिसाचा मेहनताना गरिबाचे तोंड पाहून कमी होत नाही. म्हणून मी म्हणतो की, गुंतागुंतीचा कायदा हाही एक कर आहे, आणि तो सर्वांत जड लहान माणसाला पडतो.

यावर उपाय काय, हेही युरोपने काही अंशी दाखवले आहे. फ्रान्सच्या सोप्या पद्धतीत साधारणतः जमेची एक वही, आणि माल विकणाऱ्याला खरेदीची आणखी एक नोंद, एवढ्यावर भागते. जर्मनीत स्वतंत्र व्यावसायिकाला व लहान धंदेवाल्याला पक्की खातेवही न ठेवता जमा वजा खर्च असा साधा आढावा देता येतो. मूल्यवर्धित करातून लहानांना सोडलेले आहे. जर्मनीत २०२५ पासून मागील वर्षाची २५,००० युरोंपर्यंतची उलाढाल ही त्याची मुख्य कसोटी आहे, आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून ९०,००० पौंड. कायदा सोपा करणे ही कोणावर मेहेरबानी नव्हे. ज्याला आपला कागद स्वतः वाचता येतो व स्वतः भरता येतो, तो दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.

यानंतर एका लबाडीविषयी सांगितले पाहिजे. मालकाचा वाटा वाचवावयाचा असेल तर मालकाला एक युक्ती सुचते. नोकराला नोकर म्हणावयाचे नाही, ‘स्वतंत्र भागीदार’ म्हणावयाचे. वेळ, दर व शिक्षा मी ठरवीन, पण आजारी पडलास तर तू तुझा धनी! मोबाइलवरून मोटारी चालवणाऱ्यांच्या आणि खाद्यपदार्थ पोचवणाऱ्यांच्या धंद्यात हे मोठ्या प्रमाणावर झाले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, दावा करणारे चालक हे कायद्याच्या अर्थाने कामगार आहेत व त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा यांचा हक्क आहे. करारपत्रात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष संबंध काय होते, ते न्यायालयाने पाहिले. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्लोव्हो कंपनीच्या एका पोचवणाऱ्याला नोकर ठरवले, आणि २०२१ साली तेथे तसा कायदा झाला. पुढे २०२४ साली युरोपीय संघाने या विषयावर निर्देश काढला व सदस्य देशांना तो अमलात आणण्यासाठी २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत दिली. नियंत्रणाची चिन्हे दिसली तर नोकरीचे नाते आहे असे गृहीत धरावे व नाही हे कंपनीने सिद्ध करावे, हा त्याचा गाभा आहे. पुराव्याचा भार दुबळ्याच्या डोक्यावरून उचलून सबळाच्या डोक्यावर ठेवणे ही कायद्यातील फार मोठी गोष्ट आहे.

भगिनींसाठीही एक गोष्ट सांगतो. दुकान नवऱ्याच्या नावावर असते, पण गल्ल्यावर बायको बसते आणि तिची नोंद कोठेच नसते, हे चित्र आपल्याकडचेच नव्हे, तिकडचेही आहे. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने स्वतंत्र कामकरी स्त्रीला, तसेच नवऱ्याच्या धंद्यात राबणाऱ्या पत्नीलाही, निदान १४ आठवडे काम थांबवता येईल इतका बाळंतपणाचा भत्ता मिळावा असे ठरवले. तो सक्तीच्या विम्याने द्यावा की ऐच्छिक, हे त्या त्या देशाने ठरवावयाचे. जेथे तो ऐच्छिक आहे तेथे नाव नोंदवलेच पाहिजे. ज्या श्रमाची नोंद नाही, त्याची भरपाईही नाही.

या सर्वांतून आपण काय घ्यावयाचे? कोणताही देश असो, कोणताही धंदा असो, तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. माझी वर्गणी माझ्या कमाईच्या मानाने आहे काय? माझ्या कामाचे फळ जो घेतो तो माझ्या म्हातारपणाचा व आजारपणाचा काही वाटा उचलतो काय? आणि माझा कागद मला स्वतःला वाचता येतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायदा करणाऱ्यांकडून मागून घ्यावी लागतील, व ती संघटनेवाचून मिळणार नाहीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे. जी मुले परदेशी जाऊन स्वतंत्र काम करू इच्छितात त्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी, प्रत्येक पावती जपावी, आलेल्या पैशातून देण्याचा भाग त्याच दिवशी वेगळा काढावा, आणि कोणी ‘भागीदार’ म्हणून करारावर सही मागितली तर सहीपूर्वी तो वाचून समजून घ्यावा. वर्गणी चुकवून जो आज थोडे पैसे वाचवतो, तो उद्याचा आपला हक्क विकतो. तो इतक्या स्वस्तात विकू नका.